डिजिटल बीपी मशीन घेताना पट्टा पाहून घ्या

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे नर्सबाई आहे. जुनं मशीन बंद पडलं अन नवं येईल येईल करत अख्खा उन्हाळा गेला, म्हणून शेवटी तालुक्याच्या मेडिकलमधून स्वतःच्या पैशानं घेतलं. कंपनीचं नाव नाही सांगत, उगा भांडण नको.

हलकं आहे, स्कुटीच्या डिक्कीत मावते, चार पेन्सिल सेलवर चालते त्यामुळं लाईट गेली तरी काम थांबत नाही, हे लय भारी.

पण पट्टा! २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी आहे अन आमच्या कापूस वेचणाऱ्या बायांचे दंड म्हणजे तुराट्या. पट्टा मोठा पडला की रीडिंग कमी दाखवते, अन गरोदर बाईचं १४०/९० म्हणजे आमच्यासाठी धोक्याची घंटा, ते असं लपून कसं चालंल? लहान पट्टा वेगळा विकत घ्या म्हणे, त्यासाठी दुकानाच्या तीन चकरा झाल्या, अजून आला नाही.

बाकी मशीन बरोबर आहे, पेशंट ऐकत नाहीत. परवा एक आजी वावरातून तरातरा आली, पाच मिनिटं बसा म्हटलं तर बसेना, पट्टा फुगला तशी ओरडली, "अवं बाई, हे तं हात चावते!" वरून सुनेची तक्रार चालूच. वरचा आकडा १७०. चूप बसवून, पाय खाली टेकवून परत घेतलं तं १४२.

सेलचं बिल कुठं लावायचं ते मात्र कोणी सांगत नाही. पाचपैकी तीन स्टार.