प्रिंटरचा जुना ड्रायव्हर काढून देतो असे सांगून साडेसहा हजारांना फसवणूक

विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाल्यावर साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या मामांनी आपला संगणक विंडोज 11 वर नेला, आणि तेव्हापासून त्यांचा प्रिंटर अर्धे पान छापून थांबू लागला. नवा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवण्यासाठी संगणकावर लागणारा छोटा प्रोग्राम, बसवताना ‘आधी जुनी आवृत्ती काढा’ अशी सूचना येत होती. ती कशी काढायची हे विचारण्यासाठी मामांनी प्रिंटरच्या नावापुढे ‘हेल्पलाइन’ असे लिहून शोध घेतला आणि सर्वांत वर जो क्रमांक आला त्यावर फोन केला. तो क्रमांक प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचा नव्हता, पैसे भरून वर आणलेल्या जाहिरातीतला होता.

समोरचा माणूस अदबीने, ‘काका, काका’ करत बोलत होता. दूरवरून संगणक हाताळता येईल असे ॲप त्याने मामांना उतरवून घ्यायला लावले, पडद्यावरचा क्रमांक विचारून घेतला आणि ‘परवानगी द्या’ हे बटण दाबायला सांगितले. मग त्याने संगणकाच्या उपकरणांची यादी दाखवणारा ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘व्ह्यू’ या मेनूतील ‘शो हिडन डिव्हाइसेस’ हा पर्याय निवडला. त्याबरोबर यादीत ठिकठिकाणी फिकट रंगाची चिन्हे दिसू लागली. “काका, या सगळ्या मेलेल्या ड्रायव्हरच्या फायली आहेत, यांतूनच हॅकर आत शिरतात,” असे त्याने ठासून सांगितले. पाठोपाठ इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे संगणकातील घडामोडींच्या नोंदवहीतल्या, लाल खुणांची लांबलचक यादी दाखवून त्याने मामांना पुरते घाबरवले आणि ‘सफाई व वार्षिक देखभाल’ म्हणून 6,500 रुपये क्यूआर कोडवर भरून घेतले.

या प्रकाराचे मला सर्वाधिक वाईट वाटते ते पुढच्या भागामुळे. पैसे जमा होताच त्याने पडद्यावर एक काळी खिडकी उघडून त्यात भराभर अक्षरे पळवली, पुन्हा डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि “बघा, सगळे साफ झाले,” असे सांगितले. फिकट चिन्हे खरोखरच नाहीशी झाली होती, कारण ‘शो हिडन डिव्हाइसेस’ हा पर्याय आता निवडलेला नव्हता. मी घरी जाऊन तो पुन्हा निवडला, तेव्हा सगळी चिन्हे जागच्या जागी होती आणि प्रिंटरचा जुना ड्रायव्हरही जसाच्या तसा होता.

ती फिकट चिन्हे म्हणजे पूर्वी कधीतरी जोडलेली, पण आता जोडलेली नसलेली उपकरणे होत: जुना पेनड्राइव्ह, बदललेला माऊस, नातीचा मोबाइल. ते उपकरण पुन्हा जोडले तर ओळखता यावे म्हणून विंडोज त्यांची नोंद ठेवते आणि त्यांपासून कोणताही धोका नसतो. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणाही अगदी ठणठणीत संगणकावर रोज उमटतात. मुळात बहुतेक उपकरणांच्या बाबतीत नवा ड्रायव्हर जुन्यावरच बसवता येतो, आणि नवा नीट चालला नाही तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागे जाण्यासाठी जुना उपयोगी पडतो. तो आधी काढावा लागण्याची वेळ मामांसारख्या थोड्याच प्रसंगी येते, आणि या चोरांचे फावते ते नेमके तेव्हाच, कारण त्यांनी पुढे केलेला सल्ला वरवर पाहता खरा असतो.

हे काम फुकट आणि घरच्या घरी होते. सेटिंग्जमधील ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ येथून आधी प्रिंटर काढावा. त्याच पानाच्या तळाशी ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ असते. तेथील ‘ड्रायव्हर्स’ या भागात जुने नाव निवडून ‘रिमूव्ह’ दाबावे आणि ‘ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हा पर्याय घ्यावा. ड्रायव्हर वापरात असल्याचा संदेश आला, तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीतून ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची कामे रांगेत लावणारी सेवा) रीस्टार्ट करून लगेच पुन्हा प्रयत्न करावा. त्यानंतर संगणक बंद-चालू करून कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नवा ड्रायव्हर बसवावा. मात्र तो पत्ता स्वतः टाइप करावा किंवा प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावा. विंडोजच्या सिस्टम 32 मधील ड्रायव्हरस्टोअर या, ड्रायव्हर साठवलेल्या फोल्डरमध्ये शिरून हाताने फायली मात्र कधीही पुसू नयेत. मामांचा प्रिंटर एवढ्याने सुरू झाला.

ते ॲप मात्र संगणकावर तसेच होते, आणि कोणी ‘परवानगी द्या’ न दाबताही बाहेरून आत येता यावे असा पासवर्ड त्यात लावून ठेवलेला होता. मी प्रथम इंटरनेट तोडले, ॲप काढून टाकले आणि मामांच्या बँकेचा व ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलून घेतला. त्यानंतर मामांनी बँकेला कळवले आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही करता येते. ती जितकी लवकर होईल तितकी ज्या खात्यात पैसे गेले तेथेच ते गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून व्यवहार क्रमांक, क्यूआर कोडवर दिसलेले नाव आणि फोन क्रमांक हाताशी ठेवूनच फोन करावा. मामांचे पैसे अजून परत मिळालेले नाहीत. तक्रारीचा पाठपुरावा आम्ही करत आहोत.