चहाचं आधण, एक नमस्कार आणि कॅलेंडरची चौकट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

४ फेब्रुवारी २०२५, रथसप्तमी. सुगडातलं दूध उतू घालून झालं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आज तरी एक नमस्कार घाल गं सूर्याला." शाळेत आम्ही बारा-बारा घालायचो. आता वय ४४. पहिल्याच वाकण्यात हात जमिनीपासून वीतभर वरच राहिले, पण एक घातला. त्या दिवसापासून ३१ ऑक्टोबरपर्यंत २७० दिवस झाले. त्यातले २४१ दिवस नमस्कार झाला, २९ दिवस चुकला. ज्यांची सवय पंधरा दिवसांत मोडते त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

साहित्य म्हणजे ओट्याशेजारी खिळ्याला टांगलेलं रोजचंच कॅलेंडर आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पेन्सिलच घ्या. भिंतीवर लिहिताना बॉलपेन दोन दिवसांत रुसतं, शाई खाली उतरत नाही. आमच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब आणि सिलिंडरची तारीख आधीपासून असतेच, त्यामुळे सकाळी तिकडे नजर जातेच जाते.

नियम एकच. सकाळी चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत एक सूर्यनमस्कार घालायचा. एकच. शांतपणे घातला तरी मिनिटाच्या आत होतो. वेळ ठरवली नाही, कारण माझी सकाळ कधी साडेपाचला होते, कधी सातला. चहा मात्र चुकत नाही.

आता खुणेविषयी. याआधी मी मोबाइलवरचं एक ॲप वापरत होते. त्यात सलग दिवस मोजले जायचे. २३ झाले, घरात लग्न आलं, दोन दिवस राहिले आणि आकडा शून्यावर आला. ते शून्य बघून मला इतकं वाईट वाटलं की ॲप पुन्हा उघडलंच नाही. म्हणून या वेळी दिवस मोजायचे नाहीत असं ठरवलं. सूर्याची बारा नावं आहेत : मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सविता, अर्क, भास्कर. रोज एक नाव घ्यायचं आणि त्याचं पहिलं अक्षर चौकटीत लिहायचं. भानु आणि भास्कर दोघांचा 'भा', म्हणून भास्कराला 'भास्'. 'ख' लिहिल्यावर दिवस चुकला तर चौकट कोरी राहते आणि पुढच्या सकाळी 'पू' येतो. मागे जाऊन मित्रापासून सुरुवात करायची नाही. नावं माझी वाट बघत थांबलेली असतात. मला या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला, २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी नंतर वाचला. ९६ जणांनी एकेक नवी सवय निवडली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरतील तर कुणाला २५४ लागतील एवढा फरक होता. खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त दिवस लागले आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकून बावीसाव्या दिवशी स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

सगळ्यात मोठी चूक एप्रिलमध्ये केली. दोन महिने छान गेले, अंग हलकं वाटत होतं, म्हणून एका सकाळी थेट बारा घातले. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. अकरा दिवस काही नाही. कंबर पाच दिवसांत सुटली होती, उरलेले सहा दिवस 'आता बाराच घालायचे, जमेल तेव्हा' या विचारात गेले. शेवटी पुन्हा एकावर आले. आता मनात आलं तर तीन घालते, कधी पाचही, पण अक्षर पहिल्याचंच लिहिते. वरचे हिशोबात नाहीत. पाळीच्या दिवसांत फक्त उभं राहून हात जोडते आणि नाव घेते. मी ते धरते.

जुलैत तापाचे पाच दिवस कोरे आहेत, आणखी तीन इकडे-तिकडे. उरलेले दहा गणपतीतले. २५ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर आम्ही कोकणात घरी होतो. तिथे वीस माणसांचा चहा जाऊबाई करतात, माझ्या हाती कप येतो तो तयार. आधण माझं नाही म्हटल्यावर नमस्कारही आठवला नाही, एकदाही नाही. सवय माझ्यात होती तेवढीच माझ्या ओट्यातही होती, हे तेव्हा कळलं. दिवाळीत माहेरी जाताना आधीच ठरवलं की तिथे दात घासून झाले की लगेच. चारही दिवस साधले.

सवय लागली हे मात्र जूनमध्ये समजलं. त्या दिवशी लेक चहा करत होता. मी बाहेरच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते. आतून लायटरचा आवाज आला आणि मी चादर तशीच टाकून हात जोडून उभी! सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "आता हिला सांगायला नको."

वजनात फरक नाही, ते सांगून टाकते. पण तळवे आता जमिनीला पूर्ण टेकतात आणि सकाळी पलंगावरून उठताना कंबरेला हात लावावा लागत नाही.

कॅलेंडरची एकच अडचण, महिना उलटला की मागची अक्षरं दिसेनाशी होतात आणि समोर कोरं पान येतं. दर एक तारखेला ते जरा अंगावर येतं. मी आता नव्या पानाच्या कोपऱ्यात मागच्या महिन्याचं शेवटचं अक्षर आधीच लिहून ठेवते. ऑक्टोबर 'मि' वर संपला, वीस फेऱ्या पुऱ्या होऊन एकविसावी सुरू झाली. नवीन वर्षाचं कॅलेंडर आणून ठेवलं आहे, खिळा तोच. १ जानेवारीच्या चौकटीतही मित्रापासून सुरुवात नाही, ३१ डिसेंबरला जे नाव येईल त्याच्या पुढचं.