हजार यार्डांसाठी घेतलेला पावडरचा काटा: नऊ महिन्यांनंतर

टेक्सासात एफ-ओपन (लांब पल्ल्याची, टेकू लावून झोपून करायची रायफल नेमबाजी) खेळायला लागून चार वर्षं झाली. रायफल ६.५ क्रीडमूरची, काडतुसं घरीच भरतो, म्हणजे रिकाम्या पितळी पुंगळीत पावडर (बंदुकीची दारू) तोलून घालतो आणि वर बुलेट बसवतो. नऊ महिन्यांपूर्वी जीव मुठीत धरून महागडा काटा घेतला, प्रयोगशाळेत असतो तसा चुंबकीय बलावर तोलणारा. ०.०२ ग्रेनपर्यंत दाखवतो. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, त्यामुळे चिमट्याने पावडरचा एक दाणा टाकला तरी आकडा हलतो.

जुना काटा ०.१ ग्रेनच्या खाली काही सांगायचाच नाही, वर तासाभरात त्याचं शून्य सरकायचं. तेव्हा क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) वेगाचा एसडी, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, सेकंदाला १४ फुटांच्या आसपास यायचा. नव्याने तो १० वर आणला. पण हजार यार्डांवर गोळ्या वर-खाली जाणं काही थांबेना. वेगात २० फुटांचा फरक पडला की तिथे साधारण पाच इंच जातात, आणि दहा गुणांचं वर्तुळ आहेच दहा इंचांचं.

माझ्या मते काट्याचा खरा उपयोग इथे झाला. पावडरवरचा संशय संपला, म्हणून नजर पुंगळीकडे गेली. बुलेट बसवताना प्रेसचा दांडा कधी लोण्यासारखा खाली जायचा, कधी अडून बसायचा. हाताला हे कधीपासून कळत होतं, मीच मनावर घेतलं नव्हतं. सहा-सहा वेळा वापरलेल्या पुंगळ्यांच्या माना (बुलेट धरणारा वरचा भाग) कडक झाल्या होत्या, एकेकीची बुलेटवरची पकड वेगळी. आता दर वेळी अ‍ॅनीलिंग करतो (मान तापवून नरम करणं), मानेखालचा उतरता खांदा फक्त दोन थाउ (इंचाचे दोन हजारांश) मागे ढकलतो आणि शेवटी मानेतून मँड्रेल, म्हणजे मान आतून एकसारखी करणारी सळी, फिरवतो. एसडी सातवर आला. म्हणून नव्यांना कळकळीने सांगतो, आधी पुंगळी सुधारा, काटा मग घ्या. (चार्जचे, म्हणजे एका पुंगळीत किती पावडर घालायची त्याचे, आकडे मुद्दाम देत नाही. ते मॅन्युअलमधूनच घ्या आणि खालून सुरुवात करा.)

काट्याचे लाड मात्र पुष्कळ. तासभर आधी चालू ठेवावा लागतो, एसीचा झोत चालत नाही, मोबाईल शेजारच्या खोलीत. कोरड्या थंडीत स्टॅटिकमुळे दाणे प्लॅस्टिकच्या वाटीला चिकटतात. पितळेची वाटी घेतली तेव्हा हा त्रास गेला.

कोल्हापूरहून बाबा विचारतात, स्वप्नील कुसाळे पण असंच भरतो का? नाही. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने कांस्य मिळवलं ते ५० मीटरच्या प्रकारात. त्यातली काडतुसं .२२ रिमफायर (पेटवणारा मसाला पुंगळीच्या काठातच असतो), पुन्हा भरायची सोयच नसते. ते नेमबाज कारखान्यातल्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि आपल्या बॅरलला मानवेल तो निवडतात.

तिसऱ्या महिन्यात अ‍ॅडॉप्टर जळला. विक्रेत्याने बदलून द्यायला पाच आठवडे लावले, फोनसुद्धा धड उचलला नाही. तेवढे दिवस मित्राच्या जुन्या बीम (दांडीच्या, विजेशिवाय चालणाऱ्या) काट्यावर भागवलं आणि लक्ष्यावर फारसा फरक दिसला नाही. तो काटा मी त्याच्याकडून विकतच घेतला. आता प्रत्येक बैठकीतला पहिला चार्ज दोन्हींवर तोलतो. आकडे जुळले तरच पुढची पुंगळी हातात घेतो.