औषध न विकणारं दुकान

बडोद्यात रावपुरा टॉवरजवळच्या एका गल्लीत माशांचं लहानसं दुकान आहे. पाटी पुसट झालीय, पण रविवारी सकाळी दारात मुलांची झुंबड असते, तेवढ्यावरून सापडतं.

दिवाळीनंतर नातवासाठी मी दुसऱ्या एका दुकानातून पाच ग्लासफिश आणले होते, गुलाबी-हिरवे. तो रंग सुईने टोचून भरतात हे मला नंतर कळलं. तीन आठवड्यांत एकाच्या शेपटीवर साबुदाण्याच्या कणीसारखे पांढरे दाणे उठले. तिथल्या माणसाने आधी अँटिबायोटिकची पूड दिली, मग निळं औषध. साडेचारशे रुपये गेले आणि दाणे होते तिथेच.

शेवटी रावपुऱ्यात आले. इथल्या काकांनी मोबाइलवरचा फोटो मोठा करून नीट पाहिला आणि म्हणाले, "बेन, आनी कोई दवा नथी." म्हणजे याला औषधच नाही. लिम्फोसिस्टिस आहे, विषाणूचा आजार. मासा वेगळा ठेवा, पाणी स्वच्छ ठेवा, खाणं चांगलं द्या, बहुतेक वेळा आपोआप जातं. विकलं काय, तर दीडशे रुपयांचा स्पंज फिल्टर!

तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरी आल्याबरोबर भिंग काढलं. शेपटीच्या काठावर मोत्यासारखे गोल कण, एकमेकांना चिकटलेले. यातला एकेक कण म्हणजे विषाणूमुळे फुगलेली एकच पेशी. एरवी सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत होती. नातवाला बोलावून दाखवलं, तेव्हा माझाच आवाज कापत होता.

विषाणू शिरला की पेशी पुष्कळदा स्वतःच मरते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं, कॅस्पेस नावाची विकरं आतली प्रथिनं कापत सुटतात, आणि विषाणूची पैदास अर्ध्यावर थांबते. या मरणाला 1972 मध्ये अपॉप्टोसिस हे नाव मिळालं. मूळ ग्रीक शब्द झाडाची पानं गळण्याचा. विषाणू नेमकी ही पानगळ अडवतात. लिम्फोसिस्टिसच्याच इरिडोव्हायरस घराण्यातल्या, ग्रूपर माशाला होणाऱ्या एका विषाणूकडे माशाच्या बीसीएल-2 या प्रथिनासारखं प्रथिन बनवणारं जनुक आहे. पेशीला मरणापासून रोखणारं माशाचंच हत्यार विषाणूने आपलंसं केलंय. ट्राउटला होणाऱ्या व्हीएचएस या रक्तस्रावी रोगाच्या विषाणूचं एनव्ही नावाचं प्रथिन सुरुवातीला पेशीला मरू देत नाही. विषाणूचं काम उरकलं की मग पेशी जातेच.

पुढच्या खेपेला काकांना हे सांगितलं. हातातली जाळी खाली ठेवून त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, म्हणजे दाणा फुटला की विषाणू पाण्यात येतात ना? मग मागच्या खोलीत नेऊन नव्या माशांचे टब दाखवले. तीन आठवडे वेगळे, प्रत्येक टबाची जाळी वेगळी. रंग टोचलेले मासे ते ठेवतच नाहीत. टोचलेल्या जागेतून विषाणूला वाट मिळते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. मासे इतरांपेक्षा पाच-दहा रुपयांनी महाग आहेत, पण मला ते रास्त वाटतं.

गल्लीत स्कूटर लावायला जागा नाही, दांडिया बाजारात ठेवून चालत या. दुपारी एक ते चार बंद. मासा आजारी असेल तर त्याला पिशवीत घालून आणू नका, उजेडात काढलेला फोटो आणा.

आमचे दाणे सात आठवड्यांनी गळले. शेपटीला एक बारीक खाच राहिलीय, बाकी चौघांना काही झालं नाही.