हूडचं कापड आखडलं नव्हतं, आटे चुकले होते

कन्व्हर्टिबलची हूड फ्रेम, म्हणजे घडी होणाऱ्या कापडी छताचा सांगाडा, रंगवायला उतरवली, परत बसवली, आणि आता हूड पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीपर्यंत पोचत नाही. गॅरेजमधून उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, कापड आखडलंय, नवीन हूड घ्या." १९६०च्या दशकातल्या एका ब्रिटिश गाडीच्या मालकाला हेच सांगण्यात आलं. नव्या हूडचं कोटेशन हातात होतं. आधीच्या बिलात "आटे दुरुस्ती, हेलिकॉइल ६ नग" असं लिहून पैसेही घेऊन झाले होते. हेलिकॉइल म्हणजे बिघडलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची वेटोळी. फ्रेम बॉडीला धरणारे ब्रॅकेट उघडून पाहिले तेव्हा सहांपैकी एकाही भोकात हेलिकॉइल नव्हतं.

मूळ स्क्रू १/४ इंची यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे), म्हणजे इंचाला २८ आटे. त्यांच्या जागी एम६, म्हणजे ६ मिमीचे मेट्रिक स्क्रू घातलेले. ही जोडी फसवी आहे. १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी, त्यामुळे ६ मिमीचा स्क्रू तोंडाशी अलगद शिरतो आणि बसवणाऱ्याला वाटतं, जमलं. पण यूएनएफचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.९०७ मिमी आणि एम६चा १ मिमी. हा फरक फेऱ्यागणिक साठत जातो आणि तीन-चार फेऱ्यांत स्क्रू आवळल्यासारखा अडतो. प्रत्यक्षात तो आवळलेला नसतो, नुसता अडकलेला असतो. दोन भोकांत तो तसाच जोर लावून रेटला होता. तीन भोकांत थेट एम६चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवलेला. एम६ला आटे पाडायला ५ मिमीचं भोक लागतं, यूएनएफचं ५.५ मिमीचं असतं. म्हणजे नव्या आट्याला निम्मीही उंची मिळत नाही, आणि जी मिळते तीही जुन्या आट्यांनी तोडलेली. सहाव्या भोकात तर नुसतं स्क्रूचं डोकं इपॉक्सीने चिकटवलं होतं.

स्क्रू पुरता न गेल्याने ब्रॅकेट बॉडीला टेकत नाही. ५० मिमीच्या ब्रॅकेटची एक कड फक्त १ मिमी वर राहिली, तरी एक मीटर लांब फ्रेमच्या टोकाला २० मिमी बाजूला सरकायला तेवढं पुरतं. पुढची पट्टी तिरकी होते, एका बाजूची कडी लागते आणि दुसरी लागत नाही. इथेच खोटं पकडता येतं. कापड आखडलं असेल तर ते सहसा दोन्ही बाजूंना सारखंच कमी पडतं. एकाच बाजूला कमी पडत असेल, तर नव्या हूडचं नाव काढू देऊ नका. आधी ब्रॅकेटखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघायला सांगा.

स्क्रू ओळखायला व्हर्निअर पुरतो. दहा आट्यांची लांबी मोजा: १/४ यूएनएफला ९.०७ मिमी, एम६ला बरोबर १० मिमी. षटकोनी डोकं असेल तर आणखी सोपं, कारण यूएनएफच्या डोक्याला ७/१६ इंची पाना लागतो आणि एम६ला १० मिमीचा. "जुनी ब्रिटिश गाडी म्हणजे सगळं व्हिटवर्थ" (जुने ब्रिटिश आटे) असं कोणी ठासून सांगितलं तर तिथून निघालेलं बरं. यूएनएफ ज्यांत मोडतो त्या युनिफाइड आट्यांचा करार १९४८चा आहे. १९६२ला आलेल्या एमजीबीसारख्या गाडीवर बहुतेक ठिकाणी यूएनएफच असतं.

लहान स्क्रूंचं प्रकरण जास्त वाईट. कड्या आणि पट्ट्यांना बरेचदा १०-३२ यूएनएफ असतो: व्यास ४.८३, पिच ०.७९४ मिमी. एम५चा पिच ०.८ मिमी. पिच जवळपास एकच असल्याने एम५च्या भोकात १०-३२ बोटांनी शेवटपर्यंत फिरतो, छान बसल्यासारखा वाटतो आणि हूड ताणलं की आटे सोडतो. इथे पिच मोजून काहीच कळत नाही, व्यासच मोजावा लागतो.

आता दुरुस्ती. अडकलेला स्क्रू हिसक्याने काढू नका. पेनिट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरू द्या, मग पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. इपॉक्सी असेल तर स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून तापवा. कापडाजवळ आणि रंगाजवळ ज्योत नको. फक्त तोंडाचे आटे बिघडले असतील आणि मागून हात पोचत असेल, तर १/४-२८चा टॅप मागच्या, शाबूत बाजूने घाला, म्हणजे तो जुन्याच मार्गाने चालतो. एम६चा टॅप आरपार फिरला असेल तर हेलिकॉइलशिवाय इलाज नाही, पण तेही धातू जाड असेल तरच: पोलादात निदान व्यासाइतकी, म्हणजे ६ मिमीच्या आसपास पकड हवी. तीन मिमीच्या पट्टीत हेलिकॉइल घातल्याचं बिल म्हणजे शुद्ध लूट. तिथे आतली आट्यांची पट्टी किंवा केज नटच बदलायचा. तो नट पिंजऱ्यात थोडा हलतो, कारण फ्रेम सरकवून जुळवायला तेवढी जागा लागते. "हलत होता म्हणून वेल्ड मारला" हेही काम म्हणून बिलात चढवलेलं दिसतं.

हेलिकॉइल खरंच बसवलंय का, हे टॉर्चच्या उजेडात दिसतं. भोकात चकचकीत स्टेनलेस तारेची वेटोळी असतात आणि पहिलं वेटोळं पृष्ठभागाच्या किंचित खाली असतं. काम देतानाच लिहून घ्या की काढलेले सगळे स्क्रू परत मिळतील आणि ब्रॅकेट लावण्याआधी भोकं दाखवली जातील.

फ्रेम बसवताना सहाही स्क्रू आधी बोटांनी, निदान पाच पूर्ण फेरे. मग फ्रेम उभी करून पुढची पट्टी कड्यांनी अडकवा, दारं लावा, काचा वर घ्या, दोन्ही बाजूंची फट सारखी करा आणि त्यानंतरच आवळा. जुनं हूड चढवण्याआधी व्हायनल असेल तर तासभर उन्हात ठेवा. गारठ्यात ते ताठ होतं आणि चांगलं असूनही कमी पडतं.