सायकलला लावायचा स्प्रिंगचा दांडा: ठमीसोबत सहा महिने

दिवाळीच्या आधी आमची ठमी डॉक्टरांच्या काट्यावर चढली ती ३८ किलो भरली. लॅब्राडॉर, वय साडेचार. डॉक्टरांनी तिच्या कुशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काका, बरगड्या लागतच नाहीत हाताला." घरी आल्यावर आईनं तिला तुपाची पोळी घातली, का तर सुई टोचून आली बिचारी.

फिरायला मी तिला रोज नेतोच. पण अर्ध्या तासात दीड किलोमीटर आणि त्यात वीस खांब, एवढ्यानं काय उतरणार? पळायला माझे गुडघे तयार नाहीत. म्हणून हा दांडा मागवला. ऑनलाइन, २,३४९ रुपये. सीटखालच्या पाइपला क्लॅम्प, त्यातून खाली वाकलेला स्टीलचा दांडा, टोकाला जाड स्प्रिंग आणि आखूड दोरी. कुत्रा सायकलशेजारी पळतो, तुमचे दोन्ही हात हँडलवर मोकळे.

स्प्रिंगला पूर्ण मार्क. नाशिकजवळ मखमलाबादच्या पाटाच्या कडेनं जाताना बागेतून एक मुंगूस आडवं गेलं. ठमीनं जी उसळी घेतली, दोरी हातात असती तर मी थेट पाटात गेलो असतो. इथं स्प्रिंग ताणली, सायकल जेमतेम वीतभर सरकली, बस्स. ओढ हँडलवर न येता खाली, चाकाच्या आसापाशी येते, त्यामुळं तोल जात नाही.

सोबतच्या कागदावर कुत्रा सायकलच्या उजवीकडे दाखवलाय. जिथं गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात तिथं ते ठीक असेल. आपण डावीकडून चालतो, उजवीकडे बांधला तर कुत्रा ट्रकच्या बाजूला. शिवाय चेनही उजवीकडेच, म्हणजे शेपटी अडकायची भीती. दांडा डावीकडेच लावा. फक्त साइड स्टँड त्याच बाजूला असतो आणि पळताना पायाला लागतो. मी तो काढूनच टाकला. आता सायकल भिंतीला टेकून उभी असते आणि त्यावरून बायकोची रोज बोलणी खातो.

आता क्लॅम्प. मी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये क्यूसीत, म्हणजे तयार मालाच्या तपासणीत आहे, त्यामुळं हे जरा मनाला लागलं. तिसऱ्या आठवड्यात दांडा खडखडायला लागला. मी दुर्लक्ष केलं, चूक माझीच. पुढच्या वळणावर नट पडला आणि दांड्यासकट ठमी पळाली. मागं दांडा आपटतोय, त्या आवाजानं ती आणखी घाबरतेय. द्राक्षाच्या मांडवाखालून सरळ दोन ओळी पार! एका बागेच्या राखणदारानं तिला धरलं आणि मला चार शब्द सुनावले. रास्तच होते.

घरी येऊन व्हर्निअरनं (जाडी मोजायच्या पट्टीनं) मोजलं. क्लॅम्प ३१.८ मिलिमीटरचा, माझ्या सीटचा पाइप २७.२ चा. मधली फट भरायला दिलेलं रबर पापडासारखं पातळ. आणि जिथं सतत हादरे बसणार तिथं साधा नट, स्प्रिंग वॉशरसुद्धा नाही. हा माल माझ्या टेबलावर आला असता तर 'रीवर्क' लिहून परत गेला असता. मी जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले, रविवार कारंज्यावरून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्यानं सैल न होणारा) आणला, तेव्हापासून हूं की चूं नाही.

वापरायचं कसं? पहिले पंधरा दिवस मी सायकल हातात धरून नुसता चाललो. मग अर्धा किलोमीटर, आता चार. वेग ताशी दहा-अकरा. कुत्रा दुडक्या चालीनं पळाला पाहिजे, चौखूर उधळायला लागला की समजा तुम्ही जास्त पॅडल मारताय. गळपट्ट्याला दोरी बांधू नका, छातीचा हार्नेस घ्या. दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाला तर हे लावूच नका, हाडं वाढीची असतात. आणि निघायच्या आधी दहा मिनिटं खांब हुंगू द्या. तो तिचा हक्क आहे, तो सायकलनं भरून निघत नाही.

सध्या एप्रिल आहे, सकाळी सातच्या आत आम्ही घरात. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, बहुतेक उष्णता जिभेवाटे धापा टाकून बाहेर काढायची. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पंजे तरी कसे टेकतील? पाणी घरून न्या. छाटणीनंतर बागांत फवारणी चालू असते, तिथल्या डबक्याला तोंड लावू देऊ नका.

आज ठमी साडेतेहतीस किलो आहे. सगळं श्रेय दांड्याला नाही, निम्मं आईचं तूप बंद झाल्याचं. त्यासाठी डॉक्टरांना मध्ये घालावं लागलं. त्यांनी आईला सांगितलं की २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरच्या पीओएमसी नावाच्या जनुकात खोट सापडली, अशा कुत्र्याला भूक जास्त लागते. म्हणजे ते डोळे करुण दिसले तरी पोट भरलेलं असू शकतं. आईला पटलं नाही, पण पोळी आता कोरडी असते आणि अर्धीच.

घ्यावा का? घ्या, पण नायलॉक नटासकट. मी तक्रार केली तेव्हा कस्टमर केअरनं फोटो मागवले, दिलगिरी व्यक्त केली, सुटा भाग पाठवतो म्हणाले. आठवड्यानं पाकीट आलं. आत नुसता बोल्ट होता.