ट्रॉम्सोचं बुकिंग, विश्रामबागेतून
नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेकडं रात्रीच्या आभाळात दिसणारे रंगीत प्रकाश, बघायचे म्हणून इथल्याच एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. पोरगं म्हणालं, "काका, जूनमध्ये स्वस्तात पडेल." अरे बाबा, नॉर्वेतलं ट्रॉम्सो जवळजवळ ७० अंश उत्तरेला, जूनमध्ये तिथं सूर्य मावळतच नाही, दिसणार काय, कपाळ? सप्टेंबरअखेर ते मार्च हाच हंगाम, तोही आभाळ मोकळं असेल तर. ढग आले की संपलं. म्हणून फेब्रुवारी धरला आणि भांडून पाच रात्री घेतल्या. त्यानं दोनच टाकल्या होत्या. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) फाईल मात्र चोख लावली, फोटोसुद्धा ३५ बाय ४५ मिलिमीटर मोजून. भूगोल सोडला तर काम बरं. थर्मल कपड्यांची यादी त्यानं दिलीय. भडंगाची दोन पाकिटं हिनं आधीच बॅगेत कोंबलीत.